जेठी मेघमाला अडते

लँडरोव्हरचा आवाज न येता लँडरोव्हर आली, तेव्हाच मानेभंज्यांगच्या बाजाराला कळलं की जेठी पुन्हा हरली.

एरवी वरून उतरणारी गाडी चित्रेच्या वळणावर असतानाच इथे दुकानांच्या फळ्या थरथरायला लागत. आज मात्र इंजिन बंद, आणि बटाट्याच्या पोत्यांच्या वजनाने नुसती घरंगळत ती सुनकेसरीच्या चहाच्या दुकानासमोर येऊन थांबली. रस्त्याच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. फजिती बघायला दोन्ही देशांतली माणसं दारात आली होती.

सुनकेसरी हातात डाव घेऊन उभी होती. स्टिअरिंगवर तिचा नवरा धनवीर, दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसल्यासारखा. शेजारी ल्हाक्पा दाइ. हा सगळ्या चालकांचा मुखिया, वयाने मोठा म्हणून सगळ्यांचा दाइ, म्हणजे दादा, आणि गालात कायम छुर्पीचा तुकडा. याकच्या दुधाचा तो वाळका, दगडासारखा खडा सकाळी तोंडात टाकला की दुपारपर्यंत पुरे, त्यामुळे ल्हाक्पा दाइचं बोलणंही चावून चावून बाहेर येई.

“मेघमा,” तो उतरता उतरता म्हणाला. “पुन्हा मेघमाच. फट, फट, फट. म्हातारीला खोकला लागावा तसं.”

“तिथे हवा पातळ आहे, दाइ,” धनवीर म्हणाला.

“हो का? आणि माझी गाडी जाते तेव्हा कोण जाड करून ठेवतं ती हवा?” ल्हाक्पा दाइने छुर्पी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “हे बघ, हेड तू चांगलं बांधलं नाहीस असं मी म्हणत नाही. पण नियम सगळ्यांना एक. अजून एकदा बघू. परवा. नाही चढली, तर यंदा जेठी बाजूला बसेल.”

नियम जुना होता आणि सगळ्यांनी मिळून केलेला होता. ज्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडलं, तिने आधी पोती लादून टोंगलूपर्यंत चढून दाखवायचं, मगच माणसं बसवायची. त्या वाटेवर रस्ता असा नव्हताच तेव्हा. दगडांची एक रास होती, डोंगराच्या माथ्यापर्यंत लांबवलेली. आता तिथे सिमेंट आलं, नव्या गुळगुळीत गाड्या आल्या. पण त्या काळी साहेबाच्या देशातून आलेल्या त्या चौकोनी खेचरांशिवाय दुसरं चाक त्या दगडांवर टिकत नसे. अर्ध्या चढावर इंजिनाने दम सोडला तर मागे दरी. म्हणून हा नियम, आणि म्हणूनच त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पण ‘बाजूला बसणं’ म्हणजे काय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बाजूला बसलेली गाडी सहसा पुन्हा उठत नसे. पहिल्या महिन्यात कुणी तरी येऊन म्हणे, तुझा ॲक्सल नुसता पडलाय, माझी गाडी अडलीये. मग कुणी गिअर मागे. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? एक हिवाळा गेला की अंगणात नुसता सांगाडा उरे आणि त्यात कोंबड्या बसत.

जेठी म्हणजे थोरली. बाजारातली सगळ्यात जुनी गाडी म्हणून तिला ते नाव. सुनकेसरीच्या सासऱ्यांनी ती चहाच्या मळ्यातल्या एका साहेबाकडून घेतली होती. सासरे गेल्याला बरीच वर्षं झाली, पण घरात त्यांची बसायची जागा कुठली असं विचारलं तर सासू, म्हणजे आमा, अजून जेठीच्या सीटकडे बोट दाखवी. लग्न होऊन सुनकेसरी या घरात आली तीही जेठीतूनच, आणि धोत्रेच्या उतारावर तिने नव्या नवरीने विचारू नये ते विचारलं होतं: “उतारावर आपण खाली चाललोय, तरी इंजिन ओरडतंय का?” धनवीर लाजून गप्प बसला. सासरे मात्र सबंध वाटभर हसत होते.

तिचा स्वभावच तसा. डाळ आज लवकर का शिजली, कुत्रं त्याच दगडावर का बसतं, हिला सगळ्याचं ‘का’ हवं.

“सगळ्या जगाला चहा पुरे,” आमा म्हणायची, “आमच्या बुहारीला कारण लागतं.” सुनेला त्या मुलखात बुहारी म्हणतात, आणि आमा तो शब्द लाडाने आणि रागाने एकाच सुरात उच्चारी.

हेडचं काम यापूर्वी नेहमी सिलीगुडीला व्हायचं. या पावसाळ्यात पहिल्यांदाच धनवीरने ते घरी काढलं. चहाच्या दुकानामागच्या खोलीत सबंध श्रावण तो व्हॉल्व्ह घासत बसला होता. दोन तळव्यांत काठी धरून रवीसारखी फिरवायची, मलम लावायचं, पुसायचं, पुन्हा फिरवायची. रॉकेल ओतून बघायचं, थेंबभरही झिरपता कामा नये. बाजार चेष्टा करी, “धनवीर, लोणी आलं की सांग रे.” विश्वकर्मा पूजेच्या दिवशी त्याने सगळे भाग धुऊन पुसून सतरंजीवर मांडले. आमाने दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून जाडजूड टिळे केले आणि प्रत्येक भागाला लावले. पान्याला, जॅकला, हेडला, आणि हेडशेजारी ठेवलेल्या डिलकोच्या काळ्या झाकणालाही. इंजिनाच्या चार प्लगना पाळीपाळीने करंट वाटून देणारा तो डिलको; त्याच्या झाकणावर मधे एक आणि भोवती चार अशी शिंगं असतात. आमाला ते झाकण मुकुट घातलेल्या देवासारखं दिसलं. तिथला टिळा तिने सगळ्यांत जाड लावला, दोन शिंगांच्या बरोबर मधे.

गाडी बांधून झाली. पहिल्याच किल्लीला सुरू झाली, आणि शिवणयंत्रासारखी चालली. आणि मग मेघमाला जाऊन खोकली.

त्या संध्याकाळी धनवीर जेवायला बसला, पण गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, रश्शात भात नुसता कालवत राहिला.

“कुठला प्लग मेला होता?” सुनकेसरीने विचारलं.

“तिसरा आणि चौथा.”

“कसं कळलं?”

“चालत्या इंजिनात एकेकाची वायर काढून बघायची. कामकऱ्याची काढली की इंजिन लंगडतं. मेलेल्याची काढली तर इंजिनाला पत्ताही नसतो. तिसऱ्याची काढली, काही नाही. चौथ्याची काढली, काही नाही.”

“गेल्या वेळी?”

“तेच दोघं. म्हणून तर मी पुन्हा हेड उघडलं होतं ना. शेजारचे दोन एकदम मेले म्हणजे त्यांच्यामधली गॅस्केट फुटली, एकाचा दाब दुसऱ्यात जातो. कुणालाही विचार, हेच सांगेल.”

“आणि गॅस्केट?”

धनवीरने ताट बाजूला सारलं. “अख्खी. कोरी. आत काही नाही, केसरी. माझ्या हाताला काही दिसत नाही. एवढं घासलं, एवढं मोजलं. बाबा असते तर एकदा कान लावून सांगितलं असतं.”

आमा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने फक्त त्याचं ताट परत त्याच्यापुढे सरकवलं.

“इथे अंगणात चालते तेव्हा चारही चालतात?” सुनकेसरी थांबेना.

“चारही.”

“चित्रेच्या चढावर?”

“चारही. तो तर सगळ्यांत वाईट चढ. तिथे गाणं म्हटल्यासारखी चढली.”

“मग फुटकी गॅस्केट चित्रेला मिटते आणि मेघमाला फुटते?”

“तू झोप आता,” धनवीर म्हणाला. पण तो स्वतः झोपला नाही हे तिला कळलं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. कांचनजुंगा इतकी जवळ दिसत होती की तिच्यावर वाळत घातलेले कपडे मोजता यावेत. सुनकेसरीने दुकानाला फळी लावली आणि जेठीत जाऊन बसली.

“कुठे?” धनवीर म्हणाला.

“मेघमाला. मला बघायचंय ती कशी अडते.”

“बघायला काय, तमाशा आहे?”

“कालचा बाजाराने बघितला, आजचा मी बघते.”

रिकामी गाडी घेऊन दोघं निघाले. चित्रे गेलं. लामेधुरा गेलं. धनवीरचे कान सशासारखे उभे. मेघमाचा गोंपा, तिथला बौद्ध मठ, दिसायला लागला तसा त्याने श्वास धरला, आणि गोंपा मागे पडला. इंजिनाचा सूर बदलला नाही. पुढे टोंगलूचा चढ उन्हात चमकत होता. जेठी तोही चढली. माथ्यावर धनवीरने गाडी थांबवली, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

“बरी झाली,” तो म्हणाला. “आपोआप.”

“आपोआप कशी?”

“कशी का असेना. तुला बरं वाटत नाही का?”

“वाटतं की. पण उद्या आपोआप पुन्हा आजारी पडली तर?”

तिथल्या एका शेर्पा घरात चहा पिऊन, वाफेवरचे बटाटे खाऊन ते निघाले तेव्हा दुपार कलली होती. आणि दुपार कलली की मेघमाला ढग येतो. येतो म्हणजे नेपाळच्या दरीतून उठून, रस्ता ओलांडून इकडे उतरतो. त्याला कुणी कधी सीमेवर अडवलेलं नाही. सगळं पांढरं झालं. समोरचा गोंपा दिसेनासा झाला. सुनकेसरीच्या पापण्यांवर थेंब जमले.

फट.

धनवीरने तिच्याकडे बघितलं.

फट, फट, फट.

“आता तर उतार आहे,” सुनकेसरी हळूच म्हणाली. “गाडी रिकामी आहे. चढ नाही, वजन नाही. हवा सकाळी होती तेवढीच पातळ आहे.”

“ढग,” धनवीर म्हणाला.

“ढग,” ती म्हणाली.

त्याने गाडी थांबवून बॉनेट उघडलं आणि खिशातलं फडकं काढलं. “पण हे मला माहीत नाही असं वाटलं की काय तुला? ओल लागली की करंट पळतो. इथला शेंबडा पोरही पहिल्यांदा फडकं काढतो. काल पुसलं, त्याआधीच्या वेळीही पुसलं. बघ.” त्याने एकेक वायर पुसली. प्लगच्या टोप्या पुसल्या. डिलकोचं झाकण उचलून आत बघितलं. आत कोरडं होतं. झाकण बाहेरून पुसलं, पुन्हा बसवलं. जेठी फटफटतच राहिली. मग उघड्या बॉनेटखाली इंजिनाच्या उबेने ती हळूहळू सुधारली, बॉनेट लावून थोडं पुढे जाताच पुन्हा बिघडली.

सुनकेसरी सबंध उतारभर गप्प होती. ती गप्प असली की धनवीरला जास्त भीती वाटे.

घरी आल्यावर तिने स्टोव्ह उचलून अंगणात आणला आणि त्यावर दुकानातली मोठी किटली ठेवली.

“आता बाहेर चहा?” आमाने उंबऱ्यातून विचारलं.

“चहा नाही, आमा. ढग करायचाय.”

“हिला एवढंच राहिलं होतं,” आमा म्हणाली, आणि बघायला पायरीवर बसली.

किटलीच्या तोटीवर सुनकेसरीने रबरी नळीचा हातभर तुकडा बसवला. धनवीरने जेठी सुरू केली. अंगणात स्वच्छ ऊन होतं, इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. पाणी उकळलं तशी नळीतून वाफ सुटली. सुनकेसरी ती इंजिनावर धरायला लागली, एखाद्या आजाऱ्याला शेक द्यावा तशी, एकेका जागी. आधी कार्बोरेटरवर. काही नाही. पहिल्या प्लगवर. काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावर, जिथे जिथे धनवीर बोट दाखवील तिथे. इंजिन आपलं चालतंय. मग वायरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काही नाही.

“बघ,” धनवीर म्हणाला, “मी सांगत होतो...”

नळी डिलकोवर आली.

फट. फट, फट, फट.

पायरीवरून आमाने मान पुढे काढली. “अगं, ही तर तीच खोकली.”

धनवीरने घाईने तिसऱ्याची वायर काढली. इंजिनाला पत्ता नाही. चौथ्याची काढली. पत्ता नाही. तो जागच्या जागी उभा राहिला आणि मग त्याच्या तोंडावर हळूहळू काही तरी उजाडत गेलं. त्याने डिलकोच्या झाकणावरची शिंगं बोटाने मोजली, ओठ हलवत.

“एक, तीन, चार, दोन,” तो म्हणाला. “केसरी, करंट या क्रमाने जातो. एकानंतर तीन, तीननंतर चार. खाली इंजिनात तिसरा आणि चौथा शेजारी आहेत, म्हणून मी तिथे शोधत बसलो. पण ते इथेही शेजारी आहेत. या झाकणावर. हे बघ, भिंतीला भिंत लावून.”

“मग इथे कोण भांडतंय दोघांच्या मधे?”

“उजेडात नाही दिसायचं. घोंगडी आण.”

ती घरातून जाड राडी घेऊन आली, मेंढीच्या लोकरीची, थंडीत अंगावर घ्यायची. दोघांनी ती बॉनेटवरून ओढली आणि त्याखाली डोकी घातली. आत काळोख, पेट्रोलचा आणि लोकरीचा वास, आणि कानाशी इंजिनाची धडधड. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले. सुनकेसरीने नळीतून वाफेची एक फुंकर सोडली.

झाकणावर, तिसऱ्या शिंगापासून चौथ्या शिंगाकडे, एक निळा धागा धावत होता. केसाएवढा बारीक. मधेच तुटायचा, पुन्हा जुळायचा, दाण्यादाण्यांतून वाट काढत नागमोडी जायचा. आणि तो ज्याच्यातून धावत होता ती वस्तू क्षणभर आतून लाल उजळायची.

तो आमाचा टिळा होता.

दोघंही राडीखाली तसेच वाकून राहिले. दह्याने घट्ट बसलेला, पावसाळ्याअखेर लावलेला तो टिळा, अजून जागचा हलला नव्हता. उन्हात कोरडा ठणठणीत. ढगात गेला की भाताच्या शितासारखा ओल पिऊन फुगत असणार, आणि मग प्लगकडे निघालेला करंट त्याच्यातून शेजारी पळत असणार.

“तुम्ही झाकण पुसत होतात ना?” सुनकेसरीने विचारलं.

“पुसत होतो,” धनवीर म्हणाला. मग टिळ्याकडे बघत म्हणाला, “याच्या भोवतीने.”

तिला हसू आलं नाही, कारण तिनेही तेच केलं असतं. देवाचा टिळा पुसायचा नसतो. तो आपण होऊन गळायचा, आणि गळला की पायदळी येऊ न देता झाडाच्या मुळाशी ठेवायचा. धनवीरचा हात लहानपणापासून टिळ्यांच्या भोवतीने फिरत आलेला. डोळ्यांना ते दिसतही नसे.

“काय बघताय एवढं आत?” बाहेरून आमा म्हणाली. “मला पण बघू द्या.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. आमा गुडघ्यावर हात टेकत उठली होती आणि तिने राडीखाली डोकं घातलंही होतं. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“आले,” ती म्हणाली.

“कोण आले, आमा?”

“विश्वकर्मा. माझ्या टिळ्यात. निळा उजेड घेऊन.” आणि कुणी काही बोलायच्या आत ती फाटकाबाहेर जाऊन शेजारणीला हाका मारायला लागली.

पुढच्या तासाभरात अर्धा बाजार जेठीच्या राडीखाली जाऊन आला. पलीकडच्या देशातूनही माणसं आली. कुणी सयपत्रीची, म्हणजे झेंडूची, फुलं आणली, कुणी धूप लावला. किटली दोनदा भरावी लागली, कारण सुनकेसरीने वाफ थांबवली की देव थांबत आणि रांगेतले लोक तिच्याकडे रागाने बघत. जेठी सगळा वेळ फटफटत उभी.

ल्हाक्पा दाइही आला. तो टोपी काढून राडीखाली गेला, चांगला निरखून बघून बाहेर आला, टोपी घातली, छुर्पी फिरवली.

“छान आहे,” तो धनवीरला म्हणाला, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. “उद्या देवाला घेऊन चढणार, की गाडीला घेऊन?”

“दाइ, तुम्हीच सांगा ना आमाला.”

“मी? तुझ्या आमाने एकदा मला कलथा फेकून मारलाय. मी नाही सांगत.”

लोक पांगले. उन्हं उतरली. आमा जेठीच्या बाजूला वेताच्या मोड्यावर बसून होती, एखाद्या पाहुण्याला सोबत द्यावी तशी. धनवीर दुकानात जाऊन उगाच कप विसळत बसला. त्याला आईचं तोंड दिसत होतं, आणि अंगणात कोंबड्या बसलेला सांगाडाही. तो जेठीसाठी सगळं करील, पण हे त्याच्याने होणार नाही, हे सुनकेसरीला त्याच्या पाठीवरून कळलं.

ती चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली आणि आमाशेजारी जमिनीवर बसली.

“आमा, तुम्हाला एक विचारू?”

“तू विचारायची कधी थांबलीस?”

“तो उजेड चालला होता कुठे?”

“कुठे म्हणजे?”

“मधल्या शिंगातून खाली जातो, तिथून एकेक करून चौघांच्या घरी जायला निघतो. पहिल्याच्या घरी पोचतो. दुसऱ्याच्या घरी पोचतो. तिसऱ्याच्या दारात गेला, की तिथे तुमचा टिळा. दही, तांदूळ. छान मऊ आसन. तो तिथेच बसतो. आत जातच नाही.”

आमाने चहाचा घोट घेतला. “तिसरा वाट बघत बसतो?”

“तिसरा आणि चौथा. दोघं उपाशी. म्हणून ती खोकते.”

आमाने कप खाली ठेवला आणि झाकणाकडे बघितलं. तिचा आवाज एकदम लहान झाला. “म्हणजे मी बसवलं त्यांना तिथे. दोनदा ती परत आली ती माझ्यामुळे.”

“आसन तुम्ही चांगलंच घातलंत,” सुनकेसरी म्हणाली. “फक्त वाटेत घातलंत. तुमच्या दारात पाहुणा बसला आणि कितीही मोठा असला, तरी बाकीचे आत कसे येणार? त्याला आत या म्हणावं लागतं ना.”

“कोण म्हणणार?”

“ज्याने बसवलं त्याने.”

आमा उठली. तिने हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला, आणि नखाने टिळ्याची कड सोडवली. तो सुटेना. दह्याने तो काय घट्ट धरला होता! ती ओठांतल्या ओठांत काही तरी पुटपुटत होती. देवाशी बोलत होती की गेलेल्या म्हाताऱ्याशी, कळलं नाही. टिळा अखेर एका तुकड्यात निघाला. तो तळहातावर घेऊन ती जेठीच्या पुढे गेली आणि नंबराच्या पाटीच्या वर, जाळीच्या मधोमध, त्यावर ताज्या दह्याचा एक थेंब लावून तिने तो चिकटवला.

“इथे बसा,” ती म्हणाली. “वाट बघा पुढची.”

दुकानाच्या दारात धनवीर उभा होता. त्याने झाकण उचलून उजेडात धरलं. टिळा निघाला त्या जागी एक बारीक काळी रेघ जळून उमटली होती, तीन ते चार. ती त्याने ब्लेडने खरवडली, पुन्हा पुन्हा, पार नाहीशी होईपर्यंत.

“ओल पुन्हा इथेच धरेल,” तो म्हणाला. “वर काही तरी हवं. चकचकीत, पाणी न पिणारं.”

सुनकेसरी आत गेली आणि दार्जिलिंगच्या चौकबाजारातून आणलेली नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. ती तिने अजून एकदाही उघडली नव्हती. चहाच्या दुकानात कुणाची नखं टिकतात? तिने झाकणावर एक हात दिला. वाळल्यावर दुसरा.

“साहेबाच्या मडमेलासुद्धा कधी एवढं नटवलं नसेल,” धनवीर म्हणाला. श्रावणानंतर पहिल्यांदाच तो हसला.

दुसऱ्या दिवशी जेठी पोती लादून निघाली ती मुद्दाम दुपारी. ल्हाक्पा दाइला कारण विचारायची गरज पडली नाही. तो पुढे धनवीरच्या शेजारी बसला. मागे बटाट्यांवर सुनकेसरी, आणि कुणी कितीही सांगितलं तरी न ऐकता आमा. चित्रे गेलं. लामेधुरा गेलं. मेघमाच्या अलीकडेच ढग रस्त्यावर उतरून बसला होता, भिंतीसारखा.

जेठी त्या भिंतीत शिरली. गाडीतलं बोलणं थांबलं. पांढऱ्यात कुठेच काही नव्हतं, फक्त इंजिनाचा आवाज, आणि तो चौघांनीही असा ऐकला जसा डॉक्टर ऐकतो. गोंपाची घंटा बाजूने गेली. ल्हाक्पा दाइने चावायचंही थांबवलं होतं.

“थांबव,” तो म्हणाला.

धनवीरने गाडी थांबवली. ल्हाक्पा दाइ उतरला, बॉनेट उघडून ढग आत येऊ दिला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला, झाकणावर पाणी मोत्यांसारखं जमेपर्यंत. ते मोती नुसते घरंगळून गेले. इंजिन चाललं होतं तसंच चाललं होतं.

“हा गुलाबी रंग कसला?” त्याने विचारलं.

“तो आमच्या बुहारीचा,” पोत्यांवरून आमा म्हणाली.

ल्हाक्पा दाइने बॉनेट लावलं, जाळीवरच्या टिळ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि येऊन बसला. “चल,” तो म्हणाला. “टोंगलूला पोचल्यावर हेडबद्दल काय म्हणायचं ते म्हणेन.”

काय म्हणायचं ते त्याने शेवटपर्यंत म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी माणसं भरायच्या रांगेत जेठीच्या मागे चार गाड्या होत्या, आणि त्या हिवाळ्याआधी बाजारातल्या दोघांनी आपापली हेडं सिलीगुडीला न नेता धनवीरच्या मागच्या खोलीत आणून ठेवली.

पुढच्या वर्षी विश्वकर्मा पूजेला आमा ताट घेऊन निघाली, तेव्हा प्रत्येक गाडीचा चालक बॉनेटपाशी अदबीने हात जोडून उभा होता. सगळ्यांच्या कोटाचा एक खिसा फुगलेला. आमाने एकेकाकडे बघितलं, ताटातलं दही हलवलं, आणि ल्हाक्पा दाइसमोर येऊन थांबली.

“खिशात काय आहे रे?”

“छुर्पी,” तो म्हणाला.

“पाच शिंगांची?” आमाने विचारलं, आणि सगळ्यांत जाड टिळा त्याच्याच कपाळाला लावला.